बाहेरचा सामना म्हणजे नुसता चिखल

बेसबॉलचा घरचा सामना असला की बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानातली ती 37 फुटी हिरवी भिंत कशी लखलखीत दिसते! तिच्यावर हाताने लावलेले धावांचे आकडेसुद्धा घरबसल्या वाचता येतात. आणि बोस्टनचा संघ पार पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएटलला गेला रे गेला, की त्याच टीव्हीवर, त्याच चॅनेलवर नुसता चिखल!

सकाळी ऑफिस आहे हे माहीत असून रात्री दहाला सामना लावायचा, आणि बघायचं काय? हिरवळीचे थरथरणारे चौकोन? कॅमेरा जरा वळला की प्रेक्षकांची खिचडी. काल चेंडू उंच उडाला आणि त्या खिचडीत विरघळला. दिसला तो थेट फिल्डरच्या ग्लव्हमध्ये. मधला सगळा थरार मी कल्पनेनं बघायचा का?

कारण कळतं हो मला. कॅमेरे बहुतेक यजमान चॅनेलचे, चित्र त्यांच्याकडून येणार, वाटेत पुन्हा पुन्हा पिळलं (कॉम्प्रेस केलं) जाणार, चित्राच्या कुठे 720 ओळी तर कुठे 1080. मग नीट आणा ना! मोसमात 162 सामने, त्यातले 81 बाहेर. म्हणजे निम्मा मोसम! बिल कधी निम्मं आलंय?

कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळत खाली येणारा चेंडू, स्लो मोशनमध्ये बघताना चेंडूवरची लाल शिवण गरगरताना दिसली पाहिजे, सगळी मजा त्यातच आहे. मला तिथे गुलाबी डाग दिसतो. याला एचडी म्हणायचं?