‘कुठेही जा, सात किलोंची एकच बॅग पुरते’ : एक प्रतिवाद

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की एक सल्ला हमखास फिरू लागतो. सहल कुठलीही आणि कितीही दिवसांची असो, विमानात सोबत नेता येणारी सात किलोंची एकच केबिन बॅग पुरते. कपडे घडी न घालता गुंडाळले की दुप्पट मावतात. राहिलेले काहीही तिथे विकत मिळते. आणि चेक-इन केलेले, म्हणजे विमानाच्या पोटात पाठवण्यासाठी काउंटरवर सोपवलेले सामान हरवतेच, म्हणून ते करूच नये, असे त्यात सांगितलेले असते. कमी सामान घ्यावे, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. मात्र सरसकट पाळला तर हा सल्ला काही प्रवाशांना थेट अडचणीत आणतो.

‘कितीही दिवसांची’ हे बरोबर आहे. चार-पाच जोड धुऊन वापरायची तयारी असेल, तर दहा दिवसांचे आणि महिन्याभराचे सामान जवळपास सारखेच भरते. चूक आहे ती ‘कुठलीही’ या शब्दात. समुद्रकिनारी सुती कपडे, पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चपला एवढ्यावर भागते आणि सात किलोंतही जागा उरते. डोंगरात मात्र दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे पायथ्याशी ३० अंश असताना तीन हजार मीटरवर साधारण १० अंश असते, आणि रात्र व वारा यांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. तिथे एका जाड जॅकेटपेक्षा तीन थर उपयोगी पडतात : अंगालगत घाम टिपून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस (लोकरीसारखे उबदार कृत्रिम कापड) आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे कवच. सुती बनियन घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते, म्हणून किनाऱ्यावरचा उत्तम कपडा इथे घातक ठरू शकतो. शिवाय ट्रेकिंगचा चाकू केबिनमध्ये नेता येत नाही आणि काठ्याही अनेक ठिकाणी अडवल्या जातात, त्यामुळे हे साहित्य स्वतःचे असेल तर चेक-इन टाळता येत नाही.

गुंडाळण्याबद्दल थोडक्यात सांगतो. टी-शर्टसारखे कपडे गुंडाळल्याने सुरकुत्या कमी पडतात, कोपरे भरून निघतात आणि हवा काढणाऱ्या पिशव्यांनी आकारही घटतो. पण वजन एका ग्रॅमनेही कमी होत नाही, आणि काउंटरवर वजनच मोजले जाते.

‘तिथे मिळेल’ हे साबण आणि टूथपेस्टबाबत खुशाल मानावे. रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडच्या गोळ्यांबाबत मात्र हा सल्ला धोक्याचा आहे, कारण दुसऱ्या देशात औषधाचे व्यापारी नाव आणि मात्रा वेगळी असू शकते, स्थानिक डॉक्टरची चिठ्ठी मागितली जाते आणि काही औषधांवर तर बंदीही असते. म्हणून प्रवासाच्या दिवसांहून थोडी जास्त औषधे मूळ वेष्टनात, मूळ घटकाचे नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह जवळच्याच बॅगेत ठेवावीत. इन्सुलिन गोठले की निकामी होते, तेव्हा ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवू नये. चालायचे बूटही आयत्या वेळी घेऊ नयेत. न रुळलेले बूट पहिल्याच दिवशी पायाला फोड आणतात.

द्रवपदार्थांचा उल्लेख त्या सल्ल्यात कुठेच नसतो. २००६ पासून बहुतेक विमानतळांवर केबिनमध्ये १०० मिलीलिटरपर्यंतचीच बाटली चालते. काही ठिकाणी नव्या यंत्रांमुळे हा नियम सैल झाला असला तरी परतीच्या विमानतळावर तो लागू असू शकतो. औषधे आणि बाळाचे दूध यांना सवलत असते. तरीही तान्हे मूल सोबत असताना एकाच लहान बॅगेचा हट्ट धरणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला सामान हरवण्याचा मुद्दा. विमान वाहतुकीला माहिती-तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ‘सिता’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे सुमारे सात बॅगांबाबत गोंधळ झाला आणि त्यांपैकी बहुतेक बॅगा केवळ उशिरा पोहोचल्या होत्या. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरून भरपाई मागता येते, तर मोडतोडीची लेखी तक्रार बॅग ताब्यात आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. यासाठी बॅग भरल्यावर आतल्या वस्तूंचे छायाचित्र काढावे, जुने टॅग काढून टाकावेत आणि एक जोड कपडे जवळ ठेवावेत.

केबिन बॅगही शेवटपर्यंत आपल्याजवळच राहील याची खात्री नसते. वरचे कप्पे भरले की दारातच ती काढून घेऊन खाली पाठवली जाते. पॉवर बँक खाली पाठवण्यास मनाई असल्याने अशा वेळी ती बाहेर काढावी लागते. केबिनमध्येही विनापरवानगी १०० वॉट-तासांपर्यंतचीच, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंतची चालते. तेव्हा पॉवर बँक, औषधे, चष्मा आणि कागदपत्रे सुरुवातीपासूनच वेगळ्या लहान पिशवीत भरावीत आणि ती पिशवी त्या बॅगेत सर्वांत वर, एका हाताने चटकन काढता येईल अशी ठेवावी.