बगदाद रेल्वे आणि आबादानचे तेल

पहिल्या महायुद्धामागील आर्थिक स्वार्थांवरील आपल्या लेखात म्हटले आहे की, बगदाद रेल्वेच्या (तुर्की साम्राज्यातून बगदादकडे जर्मन भांडवलावर बांधल्या जात असलेल्या लोहमार्गाच्या) वादाने ब्रिटन आणि जर्मनी युद्धात ओढले गेले. हे विधान पटले नाही, कारण त्या रेल्वेविषयी दोघांत जून १९१४ मध्येच, युद्धाच्या काही आठवडे आधी, समझोता झाला होता. आर्थिक स्वार्थाचा खरा ठसा दिसतो तो तेलात: आरमार कोळशावरून तेलावर नेणाऱ्या ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी इराणात तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग (शेअर) घेतले आणि नोव्हेंबरमध्ये, मुख्यतः इराणातील आबादान येथील त्या कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या तुर्कांपासून रक्षणासाठी, हिंदी फौज मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) फाव येथे उतरवली.

त्याच मोहिमेत पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कूत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमारीने खंगल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये कैद झाल्या. आमच्या सातारा जिल्ह्यातील कितीतरी गावांत महायुद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेल्या पाट्या आजही आहेत. म्हणूनच लेखात मेसोपोटेमियाचा उल्लेखही नसावा, याचे फार वाईट वाटले.