निव्वळ नफा आणि मागून गेलेली पाटी

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. 'दहा गायी, महिन्याला लाखभर निव्वळ नफा. नोकरी सोडा, गावाकडे चला.' इस्त्रीचा शर्ट घातलेला पोरगा गोठ्यात उभा राहून बोटांवर हिशोब सांगतोय. मुरघास एवढा, गोळीपेंड एवढी, डॉक्टर, लाइटबिल, वजा जाता नफा. तो बोलत असताना त्याच्या मागून एक बाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. जराशी वाकून गेली, व्हिडिओत आपण येऊ नये म्हणून. तिचा आकडा काही शेवटपर्यंत आला नाही.

खाली आमच्याच वर्गमित्रांचे अंगठे आणि टाळ्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरी गोठा आहे, म्हणून जास्त राग आला.

आमच्याकडेही गायी आहेत. संगमनेर भागात कुणाकडे नाहीत? दुभत्या पाच, शिवाय कालवडी. दिवसाला पन्नास-पंचावन्न लिटर दूध जातं. अण्णा वहीत सगळं लिहितात, अगदी सुंभाच्या दोरीपर्यंत. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला की वही काढायची, जमाखर्च मांडायचा आणि महिन्याकाठी बारा-तेरा हजार सुटतात म्हणून समाधानाने वही मिटायची. 'शेती तोट्यात आहे, पण दूध नफ्यात आहे,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले.

मग आईचा हात मोडला. गोठ्यातच घसरली, मनगट गेलं, प्लास्टर. गायीला काय सांगणार, पहाटे पाचला धार काढायचीच असते. अण्णांनी एक जोडपं कामाला ठेवलं, महिना वीस हजार आणि राहायला खोली. त्या महिन्याची वही मी पाहिली आहे. नेहमीचे बारा-तेरा हजार वर काढून वीस हजार खाली मांडले आणि सात-आठ हजारांचा खड्डा पडला. गायी त्याच, चारा तोच. दोन माणसांना रोख पैसे द्यावे लागले आणि इतक्या वर्षांचा नफा एका महिन्यात उघडा पडला. अण्णा म्हणाले, "गडीमाणूस परवडत नाही." प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून बसलेली आई म्हणाली, "मला कुठं पगार द्यावा लागतो!" आणि हसली. मला नाही हसू आलं.

बरं, घरच्या माणसाचे कष्ट हिशोबात धरता येत नाहीत असंही नाही. पिकांच्या हमीभावासाठी केंद्राचा कृषिमूल्य आयोग ते धरतोच. बी, खत, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्यांच्या राबण्याची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफ-एल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही धरलं की सी-टू. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती मधल्या आकड्यावर, आणि शेतकरी संघटना मागतात ती सी-टूवर. भांडण सगळं हेच, की खर्च म्हणायचं कशाला. पण निदान तिथे बाईच्या मजुरीला एक रकाना तरी आहे. दुधाला हमीभावच नाही, त्यामुळे रकानाही नाही.

दुधाचा दर ठरतो तो त्यातल्या फॅटवर आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागावर. साडेतीन टक्के फॅट, साडेआठ टक्के एसएनएफ, पॉइंट खाली आला की कापलंच. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने लिटरला ३४ रुपये दर जाहीर केला होता. तो पुरता मिळाला का? दूध पावडरीचे भाव पडले म्हणे, आणि वर्ष संपता संपता दर २७ च्या आसपास आला. मग लिटरमागे पाच रुपये अनुदान, त्यासाठी गायीच्या कानातला बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंदणी, रांगा. एवढा दर पाडूनही दूध बंद झालं नाही, याचं कारण डेअरीवाल्यांना पक्कं माहीत आहे. दर पडला की आमच्या घरी पेंड कमी होत नाही, गाय आटेल. आईचं काम वाढतं. अण्णा चारा विकत घेणं थांबवतात आणि ती बांधाबांधाने गवत कापत फिरते. दर पाडल्याची झळ तिच्या कमरेला लागते, आणि वहीत पुन्हा थोडा का होईना, नफाच.

काही जण म्हणतील, ती घरी बसली असती तर तिला कोण पैसे देणार होतं? शेणखत आहे, घरचं दूध आहे, दर दहा दिवसांनी हातात रोकड येते. मान्य. माझी कॉलेजची फी त्याच पैशातून गेली, हेही मान्य.

आणि अण्णांवर राग काढतेय असं वाटू देऊ नका. ते काही गादीवर बसून वही लिहीत नव्हते. चारा त्यांनीच वाहिला, जनावरांच्या लंपी रोगाच्या साथीत रात्र रात्र गोठ्यात बसले. त्यांची स्वतःची मजुरी तरी कुठे आहे वहीत? स्वतःलाही त्यांनी फुकटच धरलं. आईला तर गायी विका म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी ती कास धुवायला बसली होती. जोडप्याच्या हातात गायी पान्हवत नाहीत, ही तिची तक्रार. खरं सांगते, मलाही त्या गोठ्याच्या वासाशिवाय माहेर वाटत नाही.

पण त्या व्हिडिओखाली एका शहाण्याने लिहिलंय, 'एवढा फायद्याचा धंदा, तरी आजकालच्या पोरींना शेतकरी नवरा नको, पुण्यातला दहा-पंधरा हजारांचा नोकरीवाला चालतो.' हे वाचून पुन्हा टाळकं सरकलं. अरे बाबा, त्या पोरी गोठ्यातच वाढल्यात. पहाटे पाचला कोण उठतं, सण असो की पाळी, पाटी कोण उचलतं आणि दहा दिवसांनी पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात, हे त्यांनी आपल्या आईकडे बघून मांडलंय. तुमच्या 'निव्वळ'पेक्षा त्यांचा हिशोब जास्त चोख आहे.

माझ्या भावासाठीही स्थळं बघणं चालू आहे. मुलीकडच्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गायी किती?" अण्णांनी अभिमानाने सांगितलं, पाच. पुढे फोन आला नाही. आता भाऊ म्हणतो, दूध काढायचं मशीन घेऊ आणि एक गडी कायमचा ठेवू. अण्णा म्हणतात, मग उरणार काय? तर बसा दोघं वही घेऊन, आणि या वेळी आईलाही शेजारी बसवा. तिचा रोज किती धरायचा, ते तिलाच विचारा.