तोंडी परीक्षा

गेल्या शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये घरमालकिणीच्या लेकीनं मला "शूशू" अशी हाक मारली. चिनी भाषेत शूशू म्हणजे काका. मला तेवढं चिनी येतं. वयानं मी काकाच आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण थोड्याच दिवसांपूर्वी हीच मुलगी मला "लाओशी" म्हणत होती, म्हणजे गुरुजी. गुरुजीचा काका होणं कुठल्याही भाषेत झोंबतं. मराठी माणसाला जरा जास्तच, कारण आमच्याकडे शू-शू म्हणजे काय ते बालवाडीतलं पोरही सांगेल.

मी चीनमधल्या हांगझोऊ शहरात राहतो. पुण्याच्या एका कंपनीसाठी पंपाचे सुटे भाग तपासून पाठवायचे, हे काम. नवव्या मजल्यावर मी, आठव्यावर घरमालकीण. तिची लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि जूनमध्ये तिची "स्सची".

स्स म्हणजे चार, ची म्हणजे पातळी. चीनभरातल्या कॉलेजातल्या पोरांना छळणारी ही इंग्रजीची परीक्षा, वर्षातून दोनदा येते, जूनमध्ये आणि डिसेंबरात. एकूण गुण ७१०. हा आकडा कुणाला सुचला असेल, आणि तो माणूस त्या दिवशी जेवला होता का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ४२५ मिळाले की गंगेत घोडं न्हालं, मग सहावी पातळी द्यायला मोकळे. चौथीनंतर थेट सहावी. पाचवी कुठं गेली, असं मी लेकीला विचारलं तेव्हा तिनं दयेनं माझ्याकडे पाहिलं. ज्यावर गुण नाहीत असा प्रश्न माणूस विचारतोच कसा, असा तो चेहरा होता.

चिनीत सूर चुकला की अर्थ बदलतो. स्सची याच शब्दाचे सूर जरा हलवले की त्याचा अर्थ होतो 'घोकंपट्टी'. मी पहिले पंधरा दिवस परीक्षेला घोकंपट्टीच म्हणत होतो. कुणीही मला दुरुस्त केलं नाही.

तर मे महिन्याच्या शेवटी घरमालकीण यांगमेइची करंडी घेऊन दारात उभी. यांगमेइ हे या भागातलं जूनच्या आसपास येणारं फळ, जांभळासारखा रंग, वर खरखरीत आणि आत आंबटगोड. खाण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे आतल्या बारीक अळ्या बाहेर येतात. करंडी देऊन ती म्हणाली, "तुम्ही भारतातले. इंग्रजी तर तुमच्या घरचंच." मी नम्रपणे मान डोलावली. इंग्रजी आमच्या घरचं नव्हतं. मी इस्लामपूरच्या मराठी शाळेतला, आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पाचवीत मी गेलो १९८७ साली, आणि ही स्सचीसुद्धा सुरू झाली १९८७ सालीच. म्हणजे माझं इंग्रजी आणि ही परीक्षा एकाच वयाचे. हे योगायोगाचं नातं सांगून टाकावं असं वाटलं होतं, पण करंडी हातात होती.

शिकवायला गेलो आणि शिकून आलो. लेकीच्या टेबलावर शब्दांचं जाडजूड पुस्तक होतं. पहिला शब्द 'अबॅन्डन'. सोडून देणे. वर्णानुक्रमाच्या कृपेनं चीनमधली लाखो पोरं दरवर्षी मोठ्या निश्चयानं पुस्तक उघडतात, 'सोडून देणे' पाठ करतात, आणि सोडून देतात. हा विनोद तिथं इतका जुना आहे की आता त्यावर कुणी हसतही नाही. तिच्या पुस्तकाचंही पहिलं पान बोटांनी काळं झालेलं, चाळिसावं करकरीत.

मी म्हटलं, आधी उतारा नीट वाचू. ती म्हणाली, "लाओशी, उतारा वाचायचा नसतो." उतारा वाचायला गेलं की वेळ जातो. आधी प्रश्न पाहायचे, प्रश्नातला ठळक शब्द उचलायचा, उताऱ्यात तो हुडकायचा, आजूबाजूची ओळ ताडून बघायची. तेही जमलं नाही तर एक गाणं आहे. तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवड, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब निवड. काहीच कळलं नाही तर 'सी'. मी हट्टानं अख्खा उतारा वाचून दहापैकी सहा बरोबर सोडवले. तिनं न वाचता सात.

निबंधाचं तेच. १२० ते १८० शब्द, वेळ अर्धा तास. सुरुवात ठरलेली: 'अमक्याच्या जलद विकासाबरोबर तमकं दिवसेंदिवस महत्त्वाचं होत चाललं आहे.' अमकं नि तमकं ऐनवेळी भरायचं. मला यात नाक मुरडण्यासारखं काही दिसेना. आम्ही 'माणूस हा समाजशील प्राणी आहे' या एका वाक्यावर वक्तृत्वापासून वृक्षारोपणापर्यंत सगळे निबंध पार पाडले आहेत. शिवाय शाळेत असल्यापासून या पोरांनी इंग्रजीत जी काही पत्रं लिहिली ती सगळी 'ली हुआ' नावाच्या एका विद्यार्थ्याच्या नावानं. प्रश्नपत्रिकेतला हा ली हुआ वर्षानुवर्षं परदेशी मित्रांना पत्रं पाठवतोय. कधी सहलीचं आमंत्रण, कधी चिनी सणाची माहिती. त्याला उत्तर आल्याचं मात्र ऐकिवात नाही. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

भाषांतराला चिनी संस्कृतीचा उतारा येतो. कागदी कातरकाम, सिंहनृत्य, चहा, पतंग. त्यासाठी लेकीनं 'याला दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे' हे वाक्य तेल लावून तयार ठेवलं होतं. विषय मोबाइलवरून पैसे देण्याचा असता तरी तिनं ते लावलं असतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या शिकवणीला माय दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लाओशी, जरा मोठ्यानं वाचा ना."

आता या बाईला इंग्रजी अजिबात येत नाही. पण ती म्हणाली, "मला भाषा कळत नाही, पण ब्याओचुन आहे की नाही ते कळतं." ब्याओचुन म्हणजे प्रमाण. पुण्यात चार वर्षं काढलेल्या इस्लामपूरच्या माणसाला या शब्दानं काय होतं ते सांगायला नको. पुण्यात माझं 'पानी' ऐकून लोक हसले, मी 'पाणी' केलं. मग ऑफिसात माझं 'शनो' ऐकून हसले, मी 'स्नो' केला. हांगझोऊत बर्फ क्वचितच पडतो, तो भाग वेगळा.

आणि ब्याओचुनची कसोटी लावतंय कोण? जिला बोलताना चार आणि दहा यांत फरक करता येत नाही ती. प्रमाण चिनीत चार म्हणजे 'स्स', दहा म्हणजे 'श्र'. इकडच्या दक्षिणेच्या मंडळींच्या तोंडी दोन्ही स्स. भाडं चार तारखेला द्यायचं की दहा तारखेला, हे मला पहिले तीन महिने समजलं नव्हतं. मी खबरदारी म्हणून चारला देत राहिलो.

तिनं फोन काढला. त्यात उच्चाराला गुण देणारं ॲप होतं. ॲपमधली बाई अमेरिकन आवाजात एक वाक्य म्हणते, मागोमाग आपण म्हणायचं, आणि पडदा शंभरापैकी आकडा दाखवतो. वाक्य होतं, 'वी व्हिजिटेड द व्हिलेज ऑन अ वेट वेन्झडे.' जगातली सगळी वाक्यं सोडून हे. 'व' आणि 'व्ह' यांच्यात आमच्या पिढीनं कधी भांडण लावलं नाही, दोघं एकाच ताटात जेवतात.

मी म्हटलं. ६१.

सोफ्यावर वाइगोंग बसले होते, म्हणजे आईचे वडील, आजोबा. वय ऐंशीच्या पुढं, हातात सूर्यफुलाच्या बिया. दातांनी बी फोडायची, टरफल कपात, गर पोटात. १९५० च्या दशकात शाळेत ते रशियन शिकले, तेव्हा चीनमध्ये रशियनची चलती होती. इंग्रजीचं एकच वाक्य त्यांना येतं, 'लाँग लिव्ह चेअरमन माओ'. ते सत्तरच्या दशकात कारखान्यातल्या वर्गात शिकवलं होतं म्हणे. पुढचा धडा आलाच नाही.

"६१," आजोबांनी नातीकडे पाहत खात्री केली. "पास किती?"

"साठ," नात म्हणाली.

"मग पास झाले की," आजोबा म्हणाले आणि मला दोन बिया दिल्या.

पण मला खुमखुमी आली. मी खालचा ओठ दातांत धरून 'व्हिलेज' म्हटलं. ५८. कॉल सेंटरमधल्या मावसभावाचा आवाज आठवून नाकातून म्हटलं. ६४. लेकीनं सहज म्हटलं, ८७. ज्या पोरीला कालच 'वेन्झडे'चं स्पेलिंग मी दुरुस्त करून दिलं, तिला ८७. मग माय म्हणाली, बाबा, तुम्ही म्हणा. आजोबांनी कवळी नीट बसवली, फोन तोंडाजवळ घेतला आणि ऐकू आलं तसं काहीतरी सोडून दिलं. त्यात व्हिलेज नव्हतं, वेन्झडे नव्हता, रशियन बहुधा होतं. ७२.

आजोबा खूश. त्या आनंदात त्यांनी पुढची बी फोडली, फोन अजून तोंडाशीच होता. टक्. पडद्यावर आकडा आला, ४३.

म्हणजे इस्लामपूर, पुणे, बीकॉम, एमबीए आणि वीस वर्षं इंग्रजीत ईमेल लिहून मी सूर्यफुलाच्या बीपेक्षा एकवीस गुणांनी पुढं.

माय हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, "तुमच्या बोलण्यात थोडं गाली आहे." मी दचकलो. मी कुणाला गाली दिली? नंतर कळलं, चिनीत गाली म्हणजे करी, आपला रस्सा. भारतीय माणसाच्या इंग्रजीला तिकडे 'करीच्या वासाचं इंग्रजी' म्हणतात. अर्थ समजल्यावर वाटलं, पहिल्यांदा समजलो होतो तेच बरोबर होतं.

तिसरी शिकवणी झालीच नाही. "लेक फार दमते," असा निरोप आला. चार दिवसांनी पाहतो तर पाचव्या मजल्यावरचा गोरा मनुष्य आठव्या मजल्यावरून उतरतोय. हा युरोपातल्या कुठल्याशा देशाचा, पोरांना फुटबॉल शिकवतो. वाईट माणूस नाही. पण त्याच्या इंग्रजीची धाटणी अशी: 'आय ॲम ॲग्री, यस्टरडे आय ॲम गो.' मला सगळं मिळून यांगमेइची एक करंडी, अळ्यांसकट. त्याच्या हातात लोंगचिंग चहाचा डबा, तोही छिंगमिंगच्या, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या सणाच्या, आधी खुडलेला, म्हणजे हांगझोऊतला सगळ्यात महागडा. मी लिफ्टमध्ये डब्यावरचं लेबल दोनदा वाचलं.

बायकोला पुण्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, बरं झालं. फुकटची शिकवणी सुटली." खरंय. पण फुकट असूनही काढलं, हेच तर टोचतं. पगार देऊन काढतात ते निदान खर्च वाचवायला. इथं भाषा शिकवायची नोकरी हवी तर साधारणपणे ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अशी ती ठरावीक यादी, आणि आपण त्यात नाही. नोकरी मला नको आहे, माझे पंप बरे. पण तो फुटबॉलवालाही त्या यादीतला नाही. त्याला यादी लागली नाही, त्याला चेहरा पुरला.

आणि गंमत अशी की या परीक्षेत बोलायचं नसतंच. निबंध १५ टक्के, ऐकणं ३५, वाचन ३५, भाषांतर १५. बोलण्याची परीक्षा वेगळी, ज्याला हवी त्यानं द्यावी. असल्या शिक्षणातून येणाऱ्या इंग्रजीला चिनी लोक स्वतःच 'मुकं इंग्रजी' म्हणतात. जिथं विद्यार्थ्याला तोंड उघडायची गरज नाही, तिथं मास्तरला तोंडावरून नापास केलं.

शुक्रवारी रात्री दहाला बेल वाजली. बाहेर पाऊस, इथला जूनचा तो चिकट पाऊस ज्यात भिंतीलासुद्धा घाम येतो. दारात मायलेकी. परीक्षेतला ऐकण्याचा भाग रेडिओवरून येतो, त्यासाठी पोरं आपापले एफएमचे हेडफोन घेऊन जातात. लेकीचा हेडफोन बंद पडला होता. दोन बारीक सेल हवे होते. पाचव्या मजल्यावर विचारून आल्या, तो दार उघडत नव्हता.

दुकानं बंद. घरात सेल कुठं असणार? मी एसीच्या रिमोटमधले काढून दिले. ३५ टक्के म्हणजे ७१० पैकी २४८.५ गुण, ते माझ्या सेलवर. एसी बंद होता आणि आता तो चालू करायला काही नव्हतं. रात्रभर मी ओल्या पापडासारखा पडून होतो.

सकाळी आठला लिफ्टमध्ये ती भेटली. गळ्यात हेडफोन, हातात टू-बी पेन्सिल, ओठांत पुटपुट. मला पाहून हसली. "सँक यू, शूशू."

पाचव्यावर लिफ्ट थांबली. फुटबॉलवाला आत आला, केस विस्कटलेले. "टुडे एक्झाम? आय विश यू मेनी लक."

तिनं वाकून नमस्कार केला. "शियेशिये, लाओशी."