प्ली बार्गेनिंगचं कौतुक इथल्या रांगेत उभं राहून करा

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. ताईचा मुलगा नवा वकील झालाय, त्याचं म्हणणं की देशात ५ कोटींच्या वर केसेस तुंबल्यात, तर अमेरिकेसारखं प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून बदल्यात कमी शिक्षा घ्यायचा सौदा, सरसकट करून टाका, आपल्या कायद्यातली ती ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांचीच अट कशाला हवी. दादा म्हणतो, म्हणजे २६/११ च्या कटातल्या हेडलीसारखे सगळे वाचणार. मी न्यू जर्सीत राहते, म्हणून दोघंही मलाच विचारतात अमेरिकेत कसं असतं, आणि सांगितलं की म्हणतात तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.

तरी सांगतेच. हेडलीचा राग मलाही येतो. २०१० मध्ये त्याने शिकागोत गुन्हा कबूल केला, बदल्यात फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही, शेवटी ३५ वर्षं. पण त्याच सौद्यामुळे २०१६ मध्ये तो व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात तोंड उघडत होता, हे दादा सोयीस्कर विसरतो.

आणि रोजचे सौदे हेडलीचे नसतातच. इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये स्वतःच सांगितलंय की फेडरल कोर्टातल्या ९७ टक्के आणि राज्यांमधल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीवर होतात. हे काय पोलीस फार हुशार म्हणून नाही, खटला लढून हरलात तर दामदुप्पट भोगाल ही भीती असते म्हणून. केंटकी राज्यातल्या हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकची केस होती, कबूल कर आणि ५ वर्षं घे असं सरकारी वकील म्हणाले, तो नाही म्हणाला, तर आधी धमकावलं होतं तसं सराईत गुन्हेगाराचं कलम लावलं आणि जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने हे चालतं म्हणून सांगितलं. भाच्या, हे पण हवंय का सरसकट?

न्यू जर्सीत म्युनिसिपल कोर्टात प्रॉसिक्युटरला, म्हणजे सरकारी वकिलाला, भेटायला रांग लागते. स्पीडिंगचं तिकीट अनसेफ ड्रायव्हिंग या सौम्य आरोपावर आणायचं, २५० डॉलर सरचार्ज, लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स नाहीत, मीही केलंय आणि बरं वाटलंय. पण एकदा त्याच रांगेत मराठी मंडळातल्या ओळखीच्यांच्या मुलासोबत उभी होते, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आलेला पोरगा, दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप. जो तो म्हणत होता दंड भर, मोकळा हो. आमच्या पुढच्या माणसाला जजने विचारलं कुणी जबरदस्ती केली का, तो म्हणाला नो युअर ऑनर, दोन मिनिटांत गुन्हेगार झाला. या पोराने तेच केलं असतं तर चोरीची कबुली इमिग्रेशनच्या फायलीत गेली असती आणि व्हिसा धोक्यात. कबुलीने देशाबाहेर जावं लागू शकतं हे वकिलाने आधी सांगायलाच हवं असा २०१० चा निकाल आहे, पण याच्याकडे वकीलच नव्हता. मी तारीख मागायला लावली, वकील केला, केस डिसमिस झाली.

आता हे आपल्याकडे लावून बघा. जेलमधले जवळजवळ तीन चतुर्थांश कच्चे कैदी. जामिनाला पैसे नाहीत म्हणून दोन वर्षं आत असलेल्याला सांगितलं, कबूल कर, भोगलंस तेवढ्यावर सुटशील, तर निर्दोष माणूसही सही करेल. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी महाराष्ट्रातल्याच तेल भेसळीच्या केसमध्ये १९७६ ला या सौदेबाजीवर झोड उठवली होती, कारण तिथे व्यापारी स्वस्तात सुटत होता. म्हणजे पैसेवाला सुटतो आणि गरीब अडकतो, दोन्ही एकाच दाराने. म्हणून २००६ पासून आपला कायदा बायकांवरचे आणि लहान मुलांवरचे गुन्हे बाहेर ठेवतो, ७ वर्षांची मर्यादा घालतो, ते मला शहाणपणाचंच वाटतं. छोट्या केसेसना जरूर वापरा, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला जास्त सूट आहे, ती चांगलीच आहे. पण आधी जामीन आणि वकील द्या.

दादा विचारतो तुला काय पडलंय. इतकी वर्षं टॅक्स भरूनही त्या रांगेत ग्रीन कार्ड पर्समध्ये चाचपणारी मी आहे, इथे एका सहीवर मला परत पाठवू शकतात. तुमचं कोर्ट वीस वर्षं लावेल, पण मला देशाबाहेर काढणार नाही, म्हणून पडलंय.