१०० टक्के एसआरजीबी म्हणजे अचूक रंग नव्हे
‘१०० टक्के एसआरजीबी पडद्याचा लिनक्स लॅपटॉप कलर ग्रेडिंगला पुरेसा आहे’ हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. कलर ग्रेडिंग म्हणजे व्हिडिओतील रंग जुळवण्याचे काम. एसआरजीबी हे संगणकाच्या पडद्यांचे, तर रेक. ७०९ हे एचडी व्हिडिओचे रंगमानक. या दोन्हींचे मूळ लाल, हिरवा आणि निळा रंग एकच असले, तरी पडद्याचा पांढरा रंग ६५०० केल्व्हिन या प्रमाणित रंगतापमानाच्या जवळ आहे की नाही, हे ‘१०० टक्के’ या आकड्यावरून कळत नाही. माझ्या पडद्यावर तो निळसर होता. त्यामुळे मी नकळत चेहऱ्यांत पिवळसरपणा वाढवत गेलो आणि दुसऱ्या मॉनिटरवर तीच माणसे कावीळ झाल्यासारखी दिसली.

कलरिमीटर (पडद्याचे रंग मोजणारे उपकरण) आणि आर्गिलसीएमएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरून मोजल्यावर दोष सापडला. मात्र व्हिडिओची अनेक सॉफ्टवेअर आयसीसी प्रोफाइल (पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) विचारातच घेत नसल्याने, त्याच मोजमापावरून थ्रीडी एलयूटी (कोणता रंग बदलून कोणता दाखवायचा याची सारणी) बनवून ती ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावी लागली.