‘ली’ लावलं की क्रियाविशेषण, ‘नेस’ लावलं की नाम? इतकं सोपं नाही

स्पर्धा परीक्षांच्या आणि ‘फाडफाड इंग्रजी’ छापाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक चित्र फिरत असतं. त्यातला दावा असा : विशेषणाला ‘ली’ जोडा, क्रियाविशेषण तयार, ‘नेस’ जोडा, नाम तयार. शेवटी ‘ली’ दिसलं की डोळे मिटून क्रियाविशेषणावर खूण करा. अपवाद चार-पाचच, ते सोडून द्या. खाली क्विकली, काइंडनेस, हॅपीनेस अशी उदाहरणं असतात. ती बरोबरच आहेत. घोटाळा त्यापुढे सुरू होतो.

आधी ती डोळे मिटून करायची खूण. फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, सिली, अग्ली ही सगळी विशेषणं आहेत. जुन्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते, एक विशेषण करणारा आणि एक क्रियाविशेषण करणारा. शेवटचे उच्चार झिजत गेले आणि दोन्हींचं ‘ली’ झालं. फ्रेंड, कॉस्ट या नामांना लागलेला ‘ली’ पहिल्या जातीचा. म्हणून ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ चुकतं, ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणावं लागतं. डेली, वीकली, अर्ली तर दोन्हीकडे चालतात. तिथे वाक्य वाचल्याशिवाय खूण करताच येत नाही.

‘कुठल्याही विशेषणाला ली लावा’ हा भाग जास्त महागात पडतो. फास्टचं क्रियाविशेषण फास्टच, ‘फास्टली’ नाही. जुन्या इंग्रजीत अशा शब्दांच्या क्रियाविशेषणाला शेवटी एक हलका स्वर असे. तो गळून पडला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. हार्ड आणि लेटचंही तेच. त्यांना ‘ली’ लागतो, पण अर्थ पार बदलतो : ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाळू, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो क्वचितच काम करतो. मुलाखतीत ‘आय वर्क हार्डली’ म्हणणाऱ्याची नोकरी गेलीच समजा. लेटली म्हणजे अलीकडे, उशिरा नव्हे. शॉर्टली म्हणजे लवकरच. डिफिकल्टला रोजच्या वापरात ‘ली’ लागतच नाही, ‘विथ डिफिकल्टी’ म्हणतात.

मराठी माणसाची इथे वेगळी अडचण आहे. आपल्याकडे ‘छान गाणं’ आणि ‘ती छान गाते’ यांत शब्द बदलत नाही, म्हणून आपण सहज ‘शी सिंग्ज गुड’ म्हणून जातो, ‘वेल’ सुचत नाही. मग कुणीतरी हा नियम शिकवतं आणि गाडी दुसऱ्या टोकाला जाते : ‘द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली’. फूल काही हुंगत नाही, ते गोड वासाचं आहे. लुक, स्मेल, टेस्ट, फील या क्रियापदांनंतरचा शब्द कर्त्याचं वर्णन करत असेल तर तो विशेषणच हवा.

आता नामं. ‘नेस’ हा इंग्रजीचा घरचा प्रत्यय, ‘इटी’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. आपल्याकडे पणा आणि ता यांचं असंच आहे. भोळेपणा होतो, ‘भोळता’ होत नाही. नम्रता मात्र सहज होते. मोजमापाची नामं तर आपल्याकडेही निराळी : लांबी, रुंदी, खोली. रस्त्याचा ‘लांबपणा’ कुणी मोजत नाही, तसंच इंग्रजीत लेंग्थ, विड्थ, डेप्थ. बाकी वाइजचं विज्डम, पेशंटचं पेशन्स, पूअरचं पॉव्हर्टी, ॲक्युरेटचं ॲक्युरसी.

‘नेस’ जवळपास कुठेही चिकटतो हे खरं, आणि ऐकणाऱ्याला अर्थही कळतो. पण जागा आधीच भरलेली असेल तर नवं रूप सहसा रुजत नाही. भाषाशास्त्रज्ञ मार्क ॲरोनॉफ यांनी 1976 मध्ये याला ‘ब्लॉकिंग’ म्हटलं : क्युरिअसचं क्युरिऑसिटी होतं, पण ग्लोरिअसचं ‘ग्लोरिऑसिटी’ होत नाही, कारण ग्लोरी तिथे आधीपासून बसलेली आहे. कधी दोन्ही रूपं टिकतात आणि कामं वाटून घेतात. हाइट म्हणजे उंची, हायनेस ही राजघराण्यातली पदवी. हार्डनेस खनिजाचा, हार्डशिप माणसाची.

राहिले ते ‘चार-पाच अपवाद’. गुड, फास्ट, हार्ड, लेट, हाय, लाँग, डीप, स्ट्राँग, हॉट, पूअर : दहा तर इथेच झाले, आणि सगळे रोजच्या बोलण्यातले. हा योगायोग नाही. जे शब्द सतत कानावर पडतात त्यांची जुनी, वेडीवाकडी रूपं पाठ होऊन टिकतात. क्वचित वापरातले शब्द नियमाला शरण जातात. त्यामुळे वहीत प्रत्ययांचा तक्ता काढण्यापेक्षा हार्ड, हार्डली, हार्डनेस, हार्डशिप एका पानावर घ्या आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य लिहा.